कोपरा उडालेली पायरी

त्या दुपारी आम्ही नवराबायकोनं मिळून कुंकू चाळलं. एवढंच. ती उंबऱ्याशी पाय लांब करून बसली होती, गुडघे मोडत नव्हते म्हणून. जुन्या वायलच्या लुगड्याचा तुकडा परातीवर ताणलेला. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या पायांच्या अंगठ्यांत. मी वरून चिमटीनं कुंकू सोडायचो, ती टोकं हलवायची. गाठी वर राहायच्या, भुकटी खाली.

"पाय हलू देऊ नका. बठ्ठं बाहेर सांडी राह्यनं," ती म्हणाली.

"तूच कर मंग."

मला शिंक आली आणि परातीतलं कुंकू उडून तिच्या नाकावर बसलं. ती हसली. मी नाही हसलो. पुसून घे म्हणालो. तिनं पुसलं नाही, तशीच बसून पुडा बांधला, वर हळदीची छोटी पुडी खोचली आणि दाराची चौकट धरून चहा ठेवायला उठली. चैत्राला पंधरा दिवस होते. चहा मी अर्धा कपातच सोडला, नेहमी सोडतो तसा.

संध्याकाळपर्यंत ती होती. मग नव्हती. त्यावर जास्त लिहायला मला येत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, धुळ्याच्या जिनिंगमध्ये जन्मभर कापसाच्या गाठी ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका आल्या. सवाष्ण गेली म्हणून त्यांनी तिला नवरीसारखी सजवली. कुंकू कुठंय म्हणून सुनेनं फळी धुंडाळली आणि तोच पुडा काढला. आमचा. गडाच्या पायऱ्यांसाठी चाळलेला. एकेकीनं मूठ घातली. कपाळ, भांग, पाय, सगळं लाल. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो आणि मनात एकच, की हे कुंकू मी चाळलंय, यांना कोणी हात लावायला सांगितला.

मग हिरवा चुडा भरायला हमीदाबीला बोलावलं. हमीदाबी आमच्या शेजारची बांगडीवाली, तिच्या घरात सासऱ्यापासून तोच धंदा. ती डबा घेऊन आली, खाली बसली आणि आमच्या तिचा हात मांडीवर घेतला. हाताची बोटं ताठ झाली होती. हमीदाबी ती चोळत राहिली, मऊ होतील म्हणून. एकेक बांगडी अशी सरकवत होती, जशी दुखेल. मी घड्याळ बघितलं नाही, पण फार वेळ तिनं तो हात धरला. मी नवरा. मी इतका वेळ तो हात कधी धरला नव्हता. माझ्या पोटात जे पेटलं ते रडू नव्हतं, हे मी खरं सांगतो.

पुड्यात तळाशी थोडं कुंकू उरलं. मी तो पुडा ज्वारीच्या कणगीत खोल दाबून ठेवला. सुनेला सांगितलं, संपलं.

त्या चैत्रात गडावर गेलो नाही. या चैत्रात आलो. वर्ष उलटून गेलंय.

गड म्हणजे वणीचा, आईचा. आमच्या खान्देशात गड म्हटलं की दुसरा कोणी समजत नाही. आई आमची लेक आणि खान्देश तिचं माहेर, म्हणून चैत्रात माहेरची माणसं भेटायला जातात असं म्हणतात. धुळ्याहून झेंडा निघायचा. मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. रस्त्याला इतका ताव असायचा की डांबर चपलेला चिकटून चर्रचर्र वाजायचं. फडक्यात कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. वाटेत लिंबाच्या झाडाखाली पडलं की मोहोर अंगावर गळायचा, कडू गोड वासाचा. ती बायकांच्या मेळ्यात मागे, मी गड्यांच्या मेळ्यात पुढं. लग्नानंतर आम्ही कितीक वेळा पायी गेलो, पण शेजारी शेजारी चाललो असं एकदाही नाही. तशी रीतच नव्हती. मी मागे वळून वळून बघायचो ती कोणाशी बोलते. माझा स्वभाव पहिल्यापासून जळका. यष्टीत कंडक्टरनं तिला खिडकी दिली तरी माझा सगळा प्रवास खराब व्हायचा.

गडाच्या पायथ्याशी आलो की तिचं काम सुरू व्हायचं. पहिल्या पायरीपासून वरच्या दारापर्यंत प्रत्येक पायरीला हळद-कुंकू. नवस असतो बायकांचा. वाकायचं, हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, पायरीला हात, हात कपाळाला, आणि पुढची पायरी. तिची अनामिका लाल व्हायची ती आठवडाभर जायची नाही. मी चार पायऱ्या वर जाऊन उभा राहायचो, पाण्याचा तांब्या घेऊन, आणि चिडायचो. ऊन वाढायचं. पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडलेलं, त्यावर माश्या. उदबत्ती, घाम आणि ओलं कुंकू यांचा एक वास होता, तो मला दुसरीकडे कुठं मिळाला नाही. देवळातसुद्धा नाही. पायरीवर वाकलेल्या बाईच्या मानेपाशीच तो असतो.

तिचा नवस काय तो तिनं माझ्यापासून लपवला नाही. एका वर्षी वरच्या पायरीवर बसून दम खात होती, मी विचारलं, एवढं काय मागतेस.

"यासना आगोदर माले ली जाय माय, भरेल कपायनी," ती म्हणाली. माझ्या आधी जाऊ दे, कुंकवासकट.

"आनि मी काय करू मांगे?"

"तुम्हले काय, सून भाकर दी."

सगळ्याच बायका हे मागतात. पण ते माझ्या छातीत कुसळासारखं राहिलं. ज्या देवीला मी पायी चालत जातो तिच्याकडे ही मला सोडून जायचं मागते, आणि मी वर पाण्याचा तांब्या धरून उभा.

मग तिचे गुडघे गेले. दोन चैत्र ती घरी बसली. अंगणात खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घालायची आणि गडाच्या दिशेला हात जोडायची. तिकडे गडावर ट्रॉलीचं काम चाललं होतं. बरीच वर्षं चाललं. डोंगराला उभा चरा पडल्यासारखा रस्ता केला, खांब उभे राहिले, रूळ आले. गाडी नव्हती. गाडीशिवायचे रूळ उन्हात चमकायचे आणि माणसं म्हणायची, रूळ असे उभे कधी असतात का, इंजिन खाली घसरंल. मी परत आलो की तिचा पहिला प्रश्न प्रसादाचा नसायचा. "सुरू झाली का?"

झाली एकदाची. ज्या वर्षी झाली त्या वर्षी मी तिला घेऊन आलो आणि खालच्या स्टेशनात निळ्या शर्टातला एक कामगार भेटला, साक्रीकडचा. बोलण्यावरून गाववाला वाटला म्हणून मी त्याला विचारलं, हे इंजिन कुठंय.

"इंजिन नाही, नाना. वर एक मोठं चाक आहे. चाकावरून दोर. दोराच्या एका टोकाला ही गाडी, दुसऱ्या टोकाला ती. ही वर निघाली की ती खाली निघते. मधोमध रूळ फुटतात, तिथं दोघी एकमेकींना ओलांडतात. खाली येणारीच्या वजनानं वर जाणारीला हात मिळतो. चाक फिरवायला ताकद कमी लागते."

"म्हणजे मोट," मी म्हणालो.

तो हसला. त्यानं मोट बघितली नव्हती.

मी बघितली होती. नरडाण्याजवळ आमच्या खेड्यात वडिलांची विहीर होती आणि लग्नाच्या वेळी तिच्यावर अजून मोट चालत होती. बैल विहिरीपासून खाली उतरत जातात ती धाव. धाव म्हणजे मुद्दाम केलेला उतार. बैल खाली उतरले की चामड्याची भरलेली मोट वर येते. नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणला की हाकणारानं त्याच्यावर बसायचं, बैलांना तेवढंच वजन. मी नाड्यावर बसून उतार उतरायचो आणि मागे मोट वर येऊन विहिरीकाठच्या दगडी थारोळ्यात भसकन ओतायची. चाकाची कुरकुर, ओल्या चामड्याचा उग्र वास, बैलांच्या शेपटीचं शेण. ती नवी नवरी, थारोळ्यापाशी भांडी घासायला बसायची. पाणी उसळलं की पदर भिजायचा आणि ती ओरडायची, आणि ओरडून माझ्याकडे बघायची. बघण्यासारखं दुसरं कोणी तिथं नव्हतंच. दोन बैल आणि मी. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढाच काळ असा गेला की मी कोणावर जळलो नाही. मी जेवढा खाली जायचो तेवढं पाणी तिच्याकडे वर यायचं.

मग विहिरीवर इंजिन आलं, मग आम्ही धुळ्याला आलो, आणि बघायला माणसं फार झाली.

ट्रॉली तिला फार आवडली. लहान पोरीसारखी. डब्यातले बाक जिन्यासारखे एकावर एक, समोर काच, खाली दरी. ती म्हणायची, "एकदाव तरी मनाजोडे बठा ना." माझ्याजवळ बसा.

"माले पाय शेतस," मी म्हणायचो. पाय आहेत मला.

मला भीती वाटत नव्हती. राग होता. इतकी वर्षं मी वर उभा राहून तिच्यासाठी थांबलो, आणि आता ती बसल्या जागी माझ्या आधी वर पोहोचणार. शिवाय पायऱ्यांचा नवस होता. तो तिनं माझ्या गळ्यात घातला. पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी गाडीनं येते. मना नावनं तुम्ही लावा."

बायकांचं काम. पांढऱ्या मिशांचा म्हातारा पायऱ्यांवर वाकून हळद-कुंकू लावतोय. पोरीसोरी हसायच्या. एकजण म्हणाली, "बाबा, ओटी भी भरी द्या आते." मी ऐकून घेतलं. लावत राहिलो. आणि तिच्याजवळ गाडीत कोण बसलं? हमीदाबी.

हमीदाबी चैत्रात गडावर दुकान लावते. पायऱ्या सुरू झाल्यावर पहिलं वळण येतं, तिथं उंबराखाली एक फळी टाकून. बांगड्या, काळे मणी. आमच्या तिची आणि तिची जन्माची गट्टी. आम्ही गडावर पोहोचलो की हमीदाबी दुकानावर आपल्या सुनेला बसवायची आणि हिच्याबरोबर गाडीत चढायची. देवळाच्या दारापर्यंत सोडायची, आणि दुसऱ्या फेरीनं खाली परत. मी वळणावर पोहोचायचो तेव्हा गाडी सुटलेली असायची. तिथून झाडांच्या फटीतून रूळ दिसतात. गाडी खरखरत वर चढायची आणि उघड्या खिडकीतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. गर्दीत पन्नास बायका हसत असतील, पण मला तेवढंच ऐकू यायचं. दोन डोकी जवळ जवळ. हसायला काय होतं एवढं? माझ्याजवळ बसून ती इतकी कधी हसली होती? एकदा, थारोळ्यापाशी.

आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी एक पायरी सोडायचो. पहिल्याच वर्षी मनात आलं. वळणावर एक पायरी आहे, तिचा डावा कोपरा उडालेला. तिथं पोहोचलो आणि मला वाटलं, नवस पायऱ्यांचा आहे, सगळ्या पायऱ्यांचा. एक जरी कोरी राहिली तरी तो पुरा होत नाही. पुरा झाला नाही तर आई तिला नेणार नाही. मी तिला वाचवायला म्हणून नाही सोडली. मला ती पाहिजे होती म्हणून सोडली. देवीलासुद्धा द्यायची नव्हती. इकडे तिकडे बघितलं, पाय उचलला आणि पुढच्या पायरीला वाकलो.

वर ती वाट बघत बसलेली असायची, गार, घाम नसलेली.

"बठ्ठ्या व्हयन्यात?" सगळ्या झाल्या?

"व्हयन्यात."

दर चैत्रात हेच. दर चैत्रात ती एक पायरी कोरी, आणि दर वर्षी ती जिवंत. माझा हिशोब बरोबर निघत होता.

मग शेवटचा चैत्र, तिच्या जाण्याच्या आधीचा. त्या दिवशी सकाळी मी म्हणालो होतो की आज पाय दुखताहेत. खरंच दुखत होते. मला वाटलं ती म्हणेल, मग चला, बसा गाडीत माझ्याजवळ. या वेळी मी बसलोही असतो. पण हमीदाबी आली, "चाल व, रांग वाढी राह्यनी," आणि ती तिचा हात धरून निघून गेली. मागे वळून पुड्याची आठवण करून दिली, तेवढंच.

मी वळणावर आलो तेव्हा गाडी मध्यावर होती. हसणं आलं. त्या वर्षी जरा जास्तच. वरून दुसरी गाडी उतरत होती, दोघी जवळ येत होत्या. त्या दोन गाड्यांचासुद्धा मला हेवा वाटला. दिवसभर एकमेकींना ओलांडतात, एकीचं वजन दुसरीला कळतं, एका दोराला दोघी बांधलेल्या. माझ्या पायाशी ती कोपरा उडालेली पायरी होती. मी मूठभर कुंकू घेतलं आणि त्या पायरीवर थापलं. बोटानं नाही, तळव्यानं.

"जाय मंग," मी म्हणालो.

वर गेलो. तिनं विचारलं, "बठ्ठ्या व्हयन्यात?" मी म्हणालो, "व्हयन्यात." पहिल्यांदा खरं बोललो. आणि पुढच्या चैत्राला पंधरा दिवस असताना ती गेली.

वर्षभर मी हे पोटात घेऊन बसलो होतो. सून म्हणायची, बाबा जेवत नाहीत. जेवण कसं जाणार. मी जळून तिला जा म्हणालो आणि ती माझं ऐकून गेली. एरवी कधी ऐकत नव्हती.

म्हणून या चैत्रात कणगीतून पुडा काढला आणि हमीदाबीच्याच बरोबर यष्टीत बसलो. तिचे बांगड्यांचे डबे, तिची सून, मी. रस्ताभर डबे किणकिणत होते. नांदुरीच्या घाटात तिनं पिशवीतून केळं काढून दिलं. मी घेतलं नाही.

गडावर पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. खालच्या स्टेशनाशी येऊन मी उभा राहिलो. डावीकडे पायऱ्या, उजवीकडे गाडी. तोच ग्रीसचा आणि तापलेल्या लोखंडाचा मिसळलेला वास, तेच पत्र्याखालचं ऊन. पुडा खिशात. हमीदाबी म्हणाली, "भाऊ, चालतस का गाडीमा?"

मी हो म्हणालो. मला ती जागा बघायची होती.

डब्यात शिरलो. हमीदाबीनं बोट दाखवलं. "तठे ती बठे. खिडकीजोडे."

"आनि तू?"

"मी आठे."

तिच्या जागेवर मी बसलो. दुसऱ्या कोणाला बसू देणं मला जमलं नसतं. खिडकीच्या कडेचा रबर उसवला होता. तो तिनं हातानं चाळवला असणार, तिला असली सवय होती. मीही बोट घातलं. गाडीला हिसका बसला, खालून दोर चाकांवरून खर्र करत सरकू लागला आणि डोंगर हळूहळू खाली जायला लागला. लिंबाच्या शेंड्यावर आलो. पायऱ्यांवरची माणसं मुंग्यांसारखी. त्यांत कुठंतरी मी असायचो.

"ती समोरनी गाडीमातला माणूससले हात करे," हमीदाबी म्हणाली.

"कोनले?"

"कोनलेभी."

अनोळखी लोकांना हात करायची. हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. ते ऐकूनसुद्धा मला वाईट वाटलं, मग माझी मलाच लाज वाटली. आणि लाजेच्या भरात तोंडातून गेलं, "तुम्ही दोन्हीजनी काय हासेत व एवढ्या?"

हमीदाबीनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे आता पांढरट झालेत.

"तुम्हले हासूत, भाऊ."

तुम्हाला हसायचो. ती सांगत गेली. "मनी दुकानसमोरनी पायरी तुम्ही दरसाल कोरी सोडेत. पहिला साल माले वाटनं, भुली ग्यात. दुसरा सालभी तीच पायरी. मंग मी तिले सांगं."

"तिले माहीत व्हतं?"

"बठ्ठं माहीत व्हतं. आठेन पायरी दिसस नई, पन तुम्ही दिसतस. तुम्ही त्या वळणवर थांबेत, चोरनागत इकडेतिकडे देखेत, आनि एक ढांग टाकी वर जायेत. ती मना हातले चिमटा काढे. देख व, सोडी म्हाताराने. आनि हासे."

"आनि काय म्हने?"

हमीदाबीनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "म्हने, सोडू दे. बाकी पायऱ्या आईन्या. त्या एक पायरीपुरती मी त्यासनी."

गाडी मध्यावर आली. वरची गाडी आमच्या अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली. कोणीतरी पोर काचेला नाक लावून होतं. त्या एका पायरीपुरती मी त्यांची. मी खिडकीचा रबर घट्ट धरला. हे तिनं मला नाही सांगितलं. हिला सांगितलं. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आधी तेच आलं.

"शेवटला साले मी नई सोडी," मी म्हणालो. "त्या पायरीवर मीच मूठभर लावं."

"माहीत शे."

"तिनं देखं?"

"नई. त्याच येळले दुसरी गाडी मधमा उनी. ती म्हने, सोडीच व्हई." सोडलीच असेल. "मी तिले वर पोहचाडं, खाले दुकानवर उनू, आनि देखं. पायरी लालभडक." हमीदाबीनं पदराचं टोक दाखवलं. "मी पदरघाई पुसी टाकं."

"काय?"

"पुसी टाकं, भाऊ. बठ्ठं. पानी टाकी पुसं."

"कसाले?"

"माले बी ती पाहिजे व्हती."

गाडी वर पोहोचली. दार उघडलं, माणसं उतरली, आम्ही बसूनच राहिलो. निळ्या शर्टातला कामगार म्हणाला, उतरा बाबा, ही आता खाली जाणार.

पायरी कोरीच होती. म्हणजे मी तिला पाठवली नव्हती. नवस पुरा झाला नव्हता तरी ती गेली. छातीवरचा दगड उतरायला पाहिजे होता. उतरलाही असेल. पण त्याच्या जागी दुसरंच आलं. ती पायरी माझी होती. माझं पाप होतं ते, आणि माझं प्रेम होतं, जे काय होतं ते माझं होतं. ते या बाईनं पदरानं पुसून टाकलं आणि दोन वर्षं मला सांगितलं नाही. दर्शनाच्या रांगेत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ती देवळाच्या दाराशी बसली, नेहमीसारखी. मी आईसमोर उभा राहिलो. मला काही मागता आलं नाही. एवढंच म्हणालो, आम्ही दोघांनी अडवली होती, तरी तू नेलीस.

धर्मशाळेत पडून राहिलो. हमीदाबीचे ताठ बोटं चोळणारे हात डोळ्यांपुढून जात नव्हते. मी वर्षभर समजत होतो, ती माझ्या बायकोचा हात धरून बसली. तिची मैत्रीण होती ती. तो हात तिचाही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं यायच्या आधी अंघोळ केली आणि पहिल्या पायरीशी आलो. पुड्यात थोडंच कुंकू होतं, म्हणून बोटाचं टोक टेकेल तेवढंच लावत गेलो. हळद, कुंकू, पायरीला हात, कपाळाला हात. कंबर प्रत्येक पायरीला बोलत होती. एक पोरगी आईला म्हणाली, "बघ ना, आजोबा." मला त्याचं काही वाटलं नाही. त्या ओल्या कुंकवाचा वास आला, आणि तो वाकलेल्या माणसाच्या मानेपाशीच असतो हे खरं निघालं, मग माणूस कोणीही असो.

वळण आलं. कोपरा उडालेली पायरी. समोर उंबराखाली हमीदाबी फळीवर बांगड्या मांडत होती, लाल लालजवळ, हिरव्या हिरव्यांजवळ. तिनं मान वर केली आणि मी काय करतो ते बघत राहिली. पायरी सोडतो का भरतो.

मी पुडा तिच्यापुढं धरला. "ही तू लाव."

ती फळीवरून उठली नाही. "मना हातनं चाली?"

"तुना हातनं पुसेल चालनं ना."

ती आली. पायरीशी बसायला तिला वेळ लागला, तिचेही गुडघे गेलेत. जन्मभर दुसऱ्यांच्या कपाळाशेजारी बसून बांगड्या भरणारी बाई, कुंकवाला कधी बोट लावलेलं नव्हतं. कोणतं बोट, तिनं विचारलं. मी अनामिका दाखवली. पुडा तिनं पायरीवर उलटा केला, जेवढं होतं तेवढं सगळं. मग ते बोटानं पसरवत राहिली, उडालेल्या कोपऱ्यापर्यंत. वरच्या पायऱ्यांसाठी काही उरलं नाही.

मी पुड्याचा कागद झटकला, घडी घालून खिशात ठेवला. झाडांच्या फटीतून पहिली गाडी वर निघालेली दिसली आणि तिच्या दोराला बांधलेली दुसरी खाली यायला लागली. खिडकीतून कोणीतरी कोणालातरी हात केला. मीही केला.

हमीदाबी दुकानाच्या फळीवर जाऊन बसली होती. डबे सरकवून तिनं शेजारी जागा केली.

"बठा ना, भाऊ."

मी बसलो.